कल्पनांचा डाव: गटाने मिळून नवे सुचवण्यासाठी खेळाचे नियम कसे वापरावेत

नव्या कल्पना हव्या असल्या की बहुतेक संस्थांमध्ये बैठक बोलावली जाते. अध्यक्षस्थानी बसलेली व्यक्ती विषय मांडते, दोघे-तिघे बोलतात, उरलेले माना डोलावतात आणि इतिवृत्तात आधीपासून सर्वांना ठाऊक असलेल्या चार गोष्टींची नोंद होते. त्याच माणसांच्या हाती कागद दिले, प्रत्येकाची पाळी ठरवली, घड्याळ लावले आणि अधूनमधून फासा टाकायला सांगितले, तर त्यांच्याकडून निघणाऱ्या कल्पना संख्येने वाढतात आणि त्यांत वेगळेपणही येतो. असे सत्र आजवर कधीच न घेतलेल्या वाचकांसाठी हा लेख आहे. चार ते आठ माणसे, दीड तास आणि घरात सापडणारे साहित्य एवढ्यावर ते घेता येते.

गेमिफिकेशन, म्हणजे खेळाची तंत्रे इतर कामांत वापरणे, म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर गुण, पदके आणि क्रमवारीचे फलक येतात. कल्पना सुचवण्याच्या कामात या तिन्हींचा उपयोग सर्वांत कमी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. खेळातील पाळी, वेळेची मर्यादा, दैव आणि सर्वांना सारखे लागू होणारे नियम या चार गोष्टी खऱ्या उपयोगाच्या आहेत, कारण बैठकीतील एकेका दोषावर त्यांतील एकेक गोष्ट नेमकी लागू पडते. म्हणून आधी ते दोष पाहू.

बैठकीत अडते कुठे

अमेरिकेतील जाहिरात व्यावसायिक अलेक्स ऑस्बॉर्न यांनी १९५३ मध्ये ब्रेनस्टॉर्मिंगचे, म्हणजे गटाने एकत्र बसून कल्पना सुचवण्याच्या रीतीचे, चार नियम सविस्तर मांडले. टीका करू नये, मोकाट सुटावे, भरपूर कल्पना काढाव्यात आणि एकमेकांच्या कल्पना जोडून वाढवाव्यात. हे नियम जगभर पसरले. मात्र १९५८ मध्ये येल विद्यापीठात टेलर, बेरी आणि ब्लॉक यांनी केलेल्या प्रयोगात असे दिसले की, एकत्र बसून बोलणाऱ्या चौघांपेक्षा वेगवेगळे बसून विचार करणाऱ्या चौघांच्या कल्पनांची बेरीज बरीच मोठी भरते. पुढे १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे या संशोधकांनी त्यामागच्या कारणांची छाननी केली. एका वेळी एकालाच बोलता येते, त्यामुळे बाकीचे पाळीची वाट पाहत बसतात आणि तोवर मनात आलेले विसरतात, किंवा दुसऱ्याचे ऐकता ऐकता आपलेच सांगणे अनावश्यक ठरवून टाकतात. हे त्यांना आढळलेले सर्वांत मोठे कारण होते. लोक काय म्हणतील याची भीती आणि ‘बाकीचे बोलत आहेतच’ म्हणून येणारी ढिलाई ही त्याच्या जोडीची कारणे. आपल्याकडील कार्यालयांत ज्येष्ठतेचा धाक यात भर घालतो. साहेबांनी एक मत दिले की पुढच्या सगळ्या कल्पना त्याच्याच आसपास घोटाळत राहतात.

तुमच्या गटाला यांपैकी काय भोवते, ते आधी ओळखावे. बोलणारे ठरावीकच असतील, तर लेखी पाळीचा नियम हवा. सगळे बोलतात पण एकाच दिशेने, अशी स्थिती असेल, तर दैवाचा भाग वाढवावा. चर्चा तासन्‌तास रेंगाळत असेल, तर घड्याळ पुरते. निदान न करता खेळ निवडला, तर सत्र मजेत पार पडते आणि हाती काही लागत नाही.

पुढील विवेचनासाठी एकच उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावातील ‘ब’ वर्गाचे एक सार्वजनिक ग्रंथालय आहे. सकाळी वृत्तपत्रे वाचायला ज्येष्ठ मंडळी येतात, पण तरुण फिरकत नाहीत. खेळायला सहा जण आहेत: कार्यवाह, ग्रंथपाल, लिपिक, ग्रंथालय सेवक आणि दोन नियमित वाचक. हा गट मी मुद्दाम असा धरला आहे. सेवकाला दारात रेंगाळून परत जाणारी मुले रोज दिसतात, पण कार्यवाहांसमोर बोलण्याची वेळ त्याच्यावर सहसा येत नाही. आणि सत्राची खरी परीक्षा त्याचे निरीक्षण कागदावर येते की नाही, हीच आहे.

पहिली पायरी: प्रश्न घट्ट करणे

‘ग्रंथालय कसे सुधारावे?’ या प्रश्नावर कोणताही खेळ चालत नाही, कारण त्याला ‘नवीन इमारत बांधावी’ हेही उत्तर चालते आणि ‘पंखे दुरुस्त करावेत’ हेही चालते. प्रश्नात कोणासाठी, केव्हा आणि कोणत्या मर्यादेत हे तीन भाग असावेत. ‘सोळा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींना संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत ग्रंथालयात यावेसे वाटेल, यासाठी पुढील तीन महिन्यांत पाच हजार रुपयांच्या आत काय करता येईल?’ हा प्रश्न खेळण्याजोगा आहे. मर्यादांमुळे कल्पनाशक्ती आखडते, ही समजूत सोडून द्यावी. पटाला कड असल्याशिवाय डाव मांडता येत नाही.

प्रश्न आदल्या दिवशी सर्वांना कळवावा आणि सत्राच्या दिवशी मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावावा. प्रश्नातच उत्तर दडलेले नाही ना, हे तपासावे. ‘तरुणांसाठी वाचनकट्टा कसा सुरू करावा?’ असे विचारले, की कट्ट्यापलीकडचे सगळे रस्ते आपणच बंद केलेले असतात.

दुसरी पायरी: भिडू, सूत्रधार आणि साहित्य

सत्र चालवणाऱ्याला आपण सूत्रधार म्हणू. त्याने स्वतः कल्पना लिहू नयेत. वेळ पाहणे, कागद फिरवणे आणि नियम मोडला की शांतपणे आठवण देणे एवढेच त्याचे काम. गटातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीने सूत्रधार होऊ नये. तिने एक तर इतरांसारखाच भिडू म्हणून बसावे किंवा खोलीबाहेर थांबावे. ‘मी नुसता पाहतो, तुमचे चालू द्या’ ही तिसरी वाट मात्र चांगल्या सत्राचाही बोजवारा उडवते, कारण पाहणारा समोर असला की प्रत्येक जण त्याच्यासाठी लिहू लागतो.

साहित्यात कोरे कागद, एकाच रंगाची पेने, दोन फासे, चिठ्ठ्यांसाठी एक डबा, मूठभर चिंचोके आणि फोनवरील घड्याळ लागते. पेने एकाच रंगाची ठेवण्यामागे कारण आहे. कागद फिरू लागले की कोणी काय लिहिले हे शक्य तितके कळू नये, आणि निळ्या पेनांत एकच हिरवे पेन असले की ती झाकलेली ओळख उघडी पडते. टेबलाभोवती गोल बसावे. सुरुवातीची पाच मिनिटे गावांच्या नावांच्या भेंड्या किंवा ‘सुतळीच्या तोड्याचे उपयोग सांगा’ असा एखादा छोटा डाव खेळावा, म्हणजे हात आणि जीभ मोकळी होतात. पण त्याहून जास्त वेळ त्यात घालवू नये.

तिसरी पायरी: फिरता कागद

या पद्धतीचा गाभा हाच आहे, आणि वेळ कमी असेल तर बाकी सगळे गाळून एवढाच डाव खेळला तरी चालेल. जर्मनीतील बर्न्ड रोरबाख यांनी १९६८ मध्ये ही रीत मांडली आणि ती ६-३-५ या नावाने ओळखली जाते: सहा माणसे, तीन कल्पना, पाच मिनिटे.

प्रत्येकाच्या कागदावर तीन उभे रकाने आणि सहा आडव्या ओळी आखाव्यात. वर प्रश्न लिहावा, नाव लिहू नये. घड्याळ सुरू झाले की प्रत्येकाने पहिल्या ओळीत तीन कल्पना लिहायच्या, रकान्यात एक याप्रमाणे. पाच मिनिटे झाली की कागद उजवीकडच्या भिडूकडे जातो. दुसऱ्या फेरीत समोर आलेल्या तीन कल्पना वाचून त्यांच्या खालच्या ओळीत नव्या तीन लिहायच्या. वरची कल्पना पुढे नेणारी, तिला वळण देणारी किंवा तिच्यावरून सुचलेली अगदी निराळी, यांपैकी कोणतीही चालते. अशा सहा फेऱ्यांत, म्हणजे तीस मिनिटांत, प्रत्येक कागदावर अठरा आणि एकूण १०८ कल्पना जमतात. त्यांत पुनरुक्ती बरीच असते. ती गृहीतच धरावी. भिडू चार असतील तर ओळी चारच ठेवाव्यात, म्हणजे वीस मिनिटांत ४८ कल्पना होतील. आठ असतील तर चार-चारांची दोन टेबले करावीत.

सहाही जण एकाच वेळी लिहीत असल्यामुळे वाट पाहणे संपते. नाव नसल्यामुळे भीती कमी होते. पुढचा भिडू रिकाम्या रकान्याची वाट पाहत असल्यामुळे कोणालाही अंग काढून घेता येत नाही. बैठकीतील तिन्ही दोषांवर एकाच मांडणीत तोड निघते, म्हणून मला ही रीत इतर कोणत्याही खेळापेक्षा अधिक मोलाची वाटते.

कल्पना एका शब्दात लिहू देऊ नयेत. ‘अभ्यासिका’ एवढेच लिहिले तर पुढच्याला त्यात धरायला काही नसते. वाक्य पूर्ण हवे आणि त्यात क्रियापद हवे. आपल्या ग्रंथालयाच्या कागदावर एखादा रकाना असा उतरू शकतो. पहिल्या ओळीत कोणी लिहिते, ‘स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांसाठी वाचनकक्ष रात्री नऊपर्यंत उघडा ठेवावा.’ दुसरा त्याखाली लिहितो, ‘वाचनकक्षाच्या दाराशी चाकांच्या मांडणीवर कथा-कादंबऱ्या ठेवाव्यात, म्हणजे अभ्यासातून उठलेल्याच्या हाताशी त्या येतील.’ तिसरा लिहितो, ‘त्या मांडणीवरची पुस्तके दर आठवड्याला एका विद्यार्थ्याने निवडावीत आणि मांडणीवर त्याच्या नावाची पाटी लावावी.’ चौथा, कदाचित तोच सेवक, लिहितो, ‘मुले आत येऊन विचारायला लाजतात, म्हणून ही मांडणी दाराबाहेर ओट्यावर ठेवावी आणि सभासद नसलेल्यालाही तिथे बसून वाचू द्यावे.’ पहिली कल्पना कोणालाही सुचली असती, पण चौथीपर्यंत एकट्याने पोहोचणे अवघड होते.

तिसऱ्या फेरीच्या सुमारास पेने थबकतात. हे प्रत्येक गटात होते आणि सूत्रधाराने त्याला घाबरू नये. सहज आठवणाऱ्या गोष्टी तेव्हा संपलेल्या असतात आणि खरी शोधाशोध तिथून सुरू होते. या टप्प्यावर बोलण्याला, हसण्याला किंवा शेजारच्याच्या कागदात डोकावण्याला मुभा देऊ नये. ज्याला काहीच सुचत नाही त्याने डब्यातील एक चिठ्ठी उचलावी, असा नियम सुरुवातीलाच सांगून ठेवावा. भाषेबाबत मात्र आग्रह नसावा. बोलीत, मिश्र भाषेत, अशुद्ध, कसेही लिहिलेले चालेल. फक्त पुढच्याला वाचता आले पाहिजे.

चौथी पायरी: दैवाला वाट देणे

चिठ्ठ्यांचा डबा सत्रापूर्वी भरून ठेवावा. त्यात दोन प्रकारच्या चिठ्ठ्या असाव्यात. पहिल्या प्रकारात प्रश्नाशी काहीही संबंध नसलेली नामे: एसटी थांबा, लोणच्याची बरणी, पतंग, वरात, पोस्टमन. दुसऱ्या प्रकारात आज्ञा: ‘एक गोष्ट काढून टाका’, ‘क्रम उलटा करा’, ‘दुप्पट मोठे करा’, ‘हेच लहान मुलांनी केले तर?’ असंबद्ध शब्द मुद्दाम समोर आणून विचाराची चाकोरी मोडण्याचा उपाय विचारपद्धतींवर लिहिणारे लेखक एडवर्ड डी बोनो यांनी लोकप्रिय केला. संगीतकार ब्रायन ईनो आणि चित्रकार पीटर श्मिट यांनी १९७५ मध्ये अशाच सूचनांच्या पत्त्यांचा संच काढला, आणि काम अडले की त्यातला एक पत्ता ओढून त्यावरील सूचना पाळायची, अशी त्यांची रीत होती. चिठ्ठी आवडली नाही म्हणून बदलून घेता येणार नाही, हा नियम कडकपणे पाळावा. ‘पोस्टमन’ ही चिठ्ठी आली तर भिडूला पुस्तक घरपोच देण्याचा, किंवा वाचकाने दुसऱ्या वाचकासाठी पुस्तकात पत्र ठेवण्याचा विचार करावाच लागतो. निवड आपल्या हाती राहिली, तर मन परिचित वाटेनेच जाते.

फिरत्या कागदानंतर दहा मिनिटे चहासाठी थांबावे आणि कागद भिंतीवर लावून सर्वांना वाचू द्यावेत. मग फाशांचा डाव. एका फलकावर दोन स्तंभ करावेत. पहिल्यात सहा प्रकारची माणसे: महाविद्यालयीन विद्यार्थिनी, दुकानात काम करणारा मुलगा, स्पर्धा परीक्षेचा उमेदवार, नवविवाहिता, क्रिकेट खेळणारी टोळी, फोनवर गोष्टी ऐकणारा. दुसऱ्यात सहा साधने: ओटा, जुनी मासिके, भिंत, ज्येष्ठ सभासद, रविवार, ध्वनिक्षेपक. दोन फासे टाकावेत, आलेली जोडी घ्यावी आणि दोन मिनिटांत प्रत्येकाने तिच्यावर एक कल्पना लिहावी. छत्तीस जोड्या शक्य असतात. पाच-सहा टाकल्या तरी पुरे. प्रश्नाचे घटक वेगळे काढून त्यांच्या जोड्या पद्धतशीरपणे तपासण्याची युक्ती खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांची; फाशांमुळे तिला वेग येतो. ‘क्रिकेट खेळणारी टोळी आणि ज्येष्ठ सभासद’ अशी जोडी कोणत्याही गंभीर बैठकीत कोणी जुळवली नसती.

पाचवी पायरी: गुण आणि बक्षिसे यांबाबत सावधगिरी

इथे नवखे सूत्रधार सर्वाधिक उत्साह दाखवतात आणि इथेच सर्वाधिक नुकसान होते, म्हणून थोडे थांबून पाहू.

‘सर्वोत्तम कल्पनेला पाचशे रुपये’ असे जाहीर केले की तीन गोष्टी घडतात. लोक आपली चांगली कल्पना फिरत्या कागदावर न लिहिता राखून ठेवतात, दुसऱ्याच्या कल्पनेत भर घालणे थांबवतात आणि परीक्षकाला काय आवडेल याचा अंदाज बांधू लागतात. मानसशास्त्रज्ञ सॅम ग्लक्सबर्ग यांनी १९६२ मध्ये केलेला एक प्रयोग याबाबत बोलका आहे. मेणबत्ती, काडेपेटी आणि खोकीभर टाचण्या देऊन मेणबत्ती भिंतीवर बसवायला सांगितले. टाचण्यांचे खोके रिकामे करून त्याचाच स्टँड करता येतो, हे सुचणे ही त्यातली मेख. लवकर सोडवणाऱ्याला पैसे मिळतील असे सांगितलेल्या लोकांना इतरांपेक्षा सरासरी साडेतीन मिनिटे जास्त लागली. टाचण्या खोक्याबाहेर काढून दिल्या आणि उत्तर सरळ दिसू लागले, तेव्हा मात्र पैशाचे आमिष असलेले पुढे गेले. बक्षिसाने माणसाची नजर लक्ष्यावर खिळते. वाट ठाऊक असेल तर त्याचा फायदा होतो, आणि आजूबाजूला पाहून वाट शोधायची असेल तर तोच अडसर होतो. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतील मुलांवर केलेल्या प्रयोगात तर चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या मुलांना आधी कबूल करून प्रशस्तिपत्र दिल्यावर, काही दिवसांनी त्यांचा चित्रे काढण्याचा वेळ इतरांच्या मानाने घटलेला दिसला.

तरीही गुण हवेच असतील, तर ते सगळ्या गटाला मिळून द्यावेत आणि कल्पनेच्या दर्जाला न देता वागण्याला द्यावेत. सहा फेऱ्यांत शंभर कल्पना लिहून झाल्या की गटाचा एक टप्पा पार, दुसऱ्याच्या कल्पनेवर पाच थरांची साखळी झाली की आणखी एक, चिठ्ठीचा खरोखर वापर करून लिहिलेल्या दहा कल्पना झाल्या की तिसरा. तिन्ही टप्पे पार झाले तर सर्वांनी मिळून भेळ खावी. व्यक्तींची क्रमवारी लावणारा फलक या कामात कधीही लावू नये. तळाशी ज्याचे नाव दिसते तो पुढच्या सत्रात लिहीत नाही, आणि नेमके त्याच्याकडेच न ऐकलेले काहीतरी असण्याची शक्यता अधिक असते.

सहावी पायरी: निवड

कल्पना काढण्याचा डाव आणि निवडण्याचा डाव वेगळे ठेवावेत. पहिल्यात टीकेला बंदी असते, दुसऱ्यात तीच आवश्यक असते. आधी सूत्रधाराने सारख्या कल्पना एकत्र लावून घ्याव्यात. मग प्रत्येकाला पाच चिंचोके द्यावेत. ते कोणत्या कल्पनांवर ठेवणार हे प्रत्येकाने आधी स्वतःच्या चिठोऱ्यावर लिहून काढावे आणि मगच सर्वांनी एकदम उठून चिंचोके ठेवावेत. हा लिहून काढण्याचा नियम क्षुल्लक वाटतो, पण तो नसला तर पहिल्या दोघांनी जिथे चिंचोके ठेवले तिथेच बाकीचे जाऊन पडतात.

जिला सर्वांत जास्त चिंचोके मिळाले ती कल्पना बहुधा सर्वांना सोयीची असते, सर्वांत नवी असतेच असे नाही. त्यामुळे प्रत्येक भिडूला एक ‘हुकूम’ द्यावा. मते कितीही कमी असली तरी एक कल्पना तो पुढे नेऊ शकतो, मात्र तिची छोटी चाचणी कशी करायची हे त्याने तिथल्या तिथे सांगितले पाहिजे. ओट्यावरच्या मांडणीसारख्या कल्पना अनेकदा या हुकमावरच तगतात.

गट वेगवेगळ्या शहरांत असेल, तर हेच सारे सामायिक स्प्रेडशीटवर करता येते. पुण्यातील तिघे आणि परदेशातील तिघे असा गट असेल, तर प्रत्येकाला एक पान द्यावे, पाच मिनिटांनी पुढच्या पानावर जायला सांगावे आणि बदलांच्या नोंदीत नावे दिसू नयेत म्हणून सर्वांनी निनावी दुव्यातून आत यावे. फेऱ्या चालू असताना कॅमेरे बंद ठेवले तरी हरकत नाही.

सत्र संपल्यावर

त्याच दिवशी निवडलेल्या तीन-चार कल्पनांपुढे चाचणीची तारीख, जबाबदार व्यक्ती आणि खर्च लिहावा. ओट्यावरच्या मांडणीसाठी हे असे दिसेल: येत्या सोमवारपासून दोन आठवडे, जबाबदारी लिपिक आणि सेवक यांची, खर्च शून्य, कारण जुने टेबल ग्रंथालयातच आहे, रोज संध्याकाळी साडेसातला तिथे किती जण बसलेले आहेत ते वहीत मांडायचे. दोन आठवड्यांनी तो आकडा सहाही भिडूंना कळवावा, तो कमी असला तरी. आपण लिहिलेल्याचे पुढे काय झाले हे कळले नाही, तर पुढच्या वेळी लोक रकाने भरतात पण मन लावून भरत नाहीत. निवड न झालेले कागद फेकू नयेत. प्रश्न आणि तारीख टाकून त्यांची फाइल करावी, आणि तीन-चार महिन्यांनी नव्या प्रश्नासाठी बसाल तेव्हा डब्यातील काही चिठ्ठ्या त्या कागदांतूनच काढाव्यात.